महिपत विचारायला जातो

कोपर गावात कुणाच्या घरी हळद असली की वाढपाची चिंता कुणी करत नाही. महिपत केणे असतो. त्याला आमंत्रण गेलंय की नाही, हे कुणी विचारत नाही आणि तोही विचारत नाही. अंधार पडायच्या सुमाराला तो बाह्या दुमडून मांडवात उभा दिसतो. डाव्या हातात वड्यांची परात असते. उजवा हात मोकळा, कारण लोक ‘पुरे, पुरे’ म्हणत पानावर जे हात आडवे धरतात, ते बाजूला सारायला एक हात लागतोच.

महिपत हे नाव तेहतीस वर्षांच्या माणसाला जरा मोठंच होतं. आजोबा गेले त्याच वर्षी हा जन्मला, त्यामुळे नाव आधीच ठरलेलं होतं. शाळेत नवीन बाई हजेरी घेताना ह्या नावापाशी थांबायच्या आणि वर्गात कुणी पालक बसलेत का ते बघायच्या. हळूहळू महिपत नावाला शोभेल असा वागायला लागला. गावात कुठलाही म्हातारा दिसला की त्याच्या हातातली पिशवी आधी महिपतच्या हातात येते, आणि मग दोघांची विचारपूस सुरू होते. केण्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, घरात भाडी येऊ लागली, महिपतने रेती-विटांचा धंदा टाकला. ओट्याचं जुनं बैठं घर मात्र त्यांनी तसंच ठेवलं. आता आजूबाजूच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमधून त्या ओट्यावरचं सगळं दिसतं, आणि आम्ही ते बघतो.

वाढपाचा त्याचा एक नियम आहे. पंगत कितीही मोठी असो, पहिलं पान सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. पंगत बसली की तो आधी एक नजर फिरवतो, पांढरं डोकं शोधतो आणि तिकडे चालायला लागतो. मध्ये आमदार बसलेला असला तरी त्याला थांबावं लागतं. आणि महिपत स्वतः जेवतो ते सगळ्यांच्या शेवटी, तळाशी राहिलेल्या रश्शात भाकरी कुस्करून, उभ्या उभ्या.

अशा माणसाने एका रात्री ठाण्यातल्या उंच हॉटेलात, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, दुसऱ्याने वाढलेलं बसून जेवायचं ठरवलं, त्याला कारण कल्पिता परब.

कल्पिता नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. महिपतच्या आईचा, आवडाबाईंचा, खांदा धरला होता. हात वर जाईना, केसांना तेल लावता येईना. महिपत त्यांना गाडीतून नौपाड्याला न्यायचा. कल्पिता आवडाबाईंकडून भिंतीवर बोटं चढवून घ्यायची, आणि आवडाबाई प्रत्येक बोटाला एक शिवी देत चढवायच्या. महिपत बाहेर बसायचा. रिकामं बसवेना म्हणून तो घरून डबा आणू लागला. आधी फक्त कल्पितासाठी, मग बाहेर बसलेल्या पेशंटना बघवेना म्हणून त्यांच्यासाठीही. गुडघे धरून बसलेली माणसं तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ लागली. शेवटी डॉक्टरांनी भिंतीवर पाटी लावली, ‘येथे खाण्यास मनाई आहे’, आणि पाटी लावल्यावर एक भाकरी स्वतः घेतली.

आवडाबाईंचा खांदा सुटत आला तरी डबा थांबला नाही. कल्पिताने एकदा सरळ विचारलं की आई आज आल्या नाहीत, मग तुम्ही कशाला आलात? महिपत म्हणाला की आलेलो असाच, डबा द्यायला. तिने हात पुढे केला. डबा तो गाडीतच विसरला होता.

पुढचं सगळं ठाण्यातल्या तळ्याच्या काठी, तलावपाळीवर झालं, म्हणजे फिरणं आणि बोलणं. तिथेच एका संध्याकाळी कल्पिताने त्याला तिच्या मोडलेल्या लग्नाबद्दल सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिचं ठरलं होतं. स्थळ तिच्या मामांनी आणलं, दोन्ही घरची माणसं बसली, हॉल ठरला. स्वतःच्या साखरपुड्याची तारीख तिला जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकूंकडून कळली. मग देण्याघेण्यावरून मोठ्यांचं काहीतरी फिसकटलं आणि लग्न मोडलं. तेही तिला घरी आल्यावर समजलं, चहा पिताना. मुलगा वाईट नव्हता, ती म्हणाली. पण ठरवताना आणि मोडताना, दोन्ही वेळा तिला कुणी काही विचारलं नाही.

‘मला एकदा कुणीतरी विचारावं, बस,’ ती म्हणाली. ‘मला. आईबाबांना नाही, मामांना नाही. विचारणाऱ्याने स्वतः यावं आणि मला विचारावं.’

महिपतने मान डोलावली. त्याच्या घरात मात्र लग्नाची मागणी घालायला मोठी माणसं जातात. काका, आत्या, गावातला एखादा मानाचा म्हातारा. मुलगा घरी राहतो आणि टीव्हीवर मॅच बघतो. महिपतने गावातली निम्मी लग्नं आतून-बाहेरून पाहिली होती, हळदीचे मांडव, वराती, रुसलेले जावई, सगळं सांभाळलं होतं. पण मुलाने मुलीला विचारताना काय म्हणायचं असतं, हे त्याने कुठेच पाहिलं नव्हतं.

त्याने केदारला, म्हणजे त्याच्या मित्राला, विचारलं. केदार स्वतः अविवाहित असल्यामुळे त्याला सगळं माहीत होतं. त्याने सांगितलं की भारी हॉटेलात टेबल बुक करायचं, अंगठी शेवटच्या गोड पदार्थाबरोबर मागवायची, मग बोलायला फारसं लागत नाही. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या अगदी वरच्या मजल्यावर तसं हॉटेल होतं. त्या टॉवरला रेती महिपतनेच पुरवली होती, त्यामुळे इमारतीवर तरी त्याचा भरवसा होता.

हॉटेलचा मॅनेजर प्रशांत, टिटवाळ्याचा, मोठा समजूतदार निघाला. त्याने अंगठी ठेवून घेतली आणि सांगितलं की एकूण सहा पदार्थ येतील, सहावी प्लेट चांदीच्या झाकणाखाली येईल, अंगठी तीत असेल. महिपतने सहा हा आकडा पक्का धरून ठेवला.

घरी त्याने काही सांगितलं नव्हतं. पण अंगठी गावातल्याच सोनाराकडून घेतली होती, त्यामुळे आवडाबाईंना ती त्याच्याआधी कळली होती. तो बाहेर पडताना त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पेढ्यांचा पुडा मात्र स्वयंपाकघरात झाकून ठेवलेला होता.

आता जेवणाचं. ही हकीकत मी दोघांच्याही तोंडून ऐकली आहे. कल्पिताच्या तोंडून हकीकत छोटी असते, महिपत सांगतो तेव्हा त्यात बराच घाम असतो.

टेबल खिडकीपाशी होतं. एका बाजूला खाली खाडीचा काळा पट्टा, दुसऱ्या बाजूला येऊरच्या डोंगरावर एखाददुसरा दिवा. कल्पिताने मोरपंखी साडी नेसली होती. महिपतने नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या बाह्या सवयीने दुमडल्या होत्या. कल्पिताने त्या उलगडून बटणं लावून दिली. हात इतके झाकलेले असताना माणसाने काय करायचं, हे त्याला समजेना.

पहिल्यांदा एक मोठा पांढरा चमचा आला, त्यात मधोमध काहीतरी हिरवं थरथरत होतं. कल्पिताने ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. महिपतने टाकलं आणि पुढची वाट पाहू लागला. पंगतीआधी आचारी चव बघायला देतो, तसला हा प्रकार असावा असं त्याने धरलं. तो पदार्थ होता. पहिला. महिपतने तो मोजला नाही.

त्यानंतर सूप आलं, मग मश्रूम आले, मग पापलेटचा एक तुकडा आला, त्याच्या कडेने सॉसचे ठिपके. महिपत प्रत्येक वेळी वाढणाऱ्या मुलीचे आभार मानत होता आणि तिला जेवलीस का असं विचारत होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हसली आणि म्हणाली, सर, तुम्ही जेवा.

पण त्याचं लक्ष जेवणात नव्हतंच. शेजारच्या टेबलावर एक आजी बसल्या होत्या. पांढरा अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर चष्मा. बरोबर मुलगा आणि सून. आजींचा वाढदिवस असावा. त्यांना अंडं चालत नव्हतं म्हणून त्यांचं सगळं वेगळं यायचं होतं, आणि ते येत नव्हतं. मुलगा-सुनेच्या प्लेटा येत होत्या, जात होत्या. आजींपुढे पाण्याचा ग्लास आणि घडी घातलेला रुमाल. मुलगा मधूनमधून हात वर करायचा आणि पुन्हा फोनवर बोलायला लागायचा.

महिपतला ते सहन होईना. कल्पिता त्याला क्लिनिकमधली काही गंमत सांगत होती, तो हं हं करत होता आणि आजींच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. तिने वळून पाहिलं, तिला कळलं, आणि ती गोष्ट अर्धी सोडून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. पाचव्या पदार्थाच्या, म्हणजे त्याच्या हिशोबाने चौथ्याच्या, प्लेटा उचलल्या गेल्या. आजींपुढे अजूनही पाणीच होतं.

तेवढ्यात वाढणारी मुलगी चांदीचं झाकण घातलेली प्लेट दोन्ही हातांवर तोलत आली. महिपत अर्धवट उठला. झाकण त्याला दिसलं होतं, पण त्याच्या मोजणीने ही पाचवी. सहावी यायची होती.

‘हे आधी त्या आजींना द्या,’ तो म्हणाला. ‘आमचं मागून आलं तरी चालेल. गोड आहे ना? अंडं नाही ना?’

अंडं नाही, मुलगी म्हणाली. पण सर, हे तुमचं, असंही म्हणाली. आधी म्हातारं माणूस, महिपतने तिला सांगितलं, आणि पंगतीत त्याच्या त्या आवाजापुढे कुणाचं चालत नाही. तिचंही चाललं नाही. प्रशांत दारापाशी कुणालातरी टेबल दाखवत होता. त्याने मान वळवली तेव्हा प्लेट आजींपुढे टेकली होती आणि झाकण उचललं गेलं होतं.

आजींनी चष्मा सारखा केला. प्लेटमध्ये चॉकलेटचा एक घुमट, गुलाबाच्या पाकळ्या, त्यांत अंगठी, आणि कडेने चॉकलेटच्याच वळणदार अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं, माझ्याशी लग्न करशील का. आजींनी ते सावकाश पूर्ण वाचलं. मुलाने फोन खाली ठेवला. सुनेने तोंडावर रुमाल धरला.

महिपत तिथे पोचला तेव्हा आजी त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होत्या.

‘हे तुझं का?’

‘हो आजी. चुकून आलं.’

‘मला वाटलंच,’ आजी म्हणाल्या. ‘माझं एकदा झालंय. तेवढं पुरलं.’

इथे महिपतने प्लेट उचलून परत यायला हवं होतं. पण समोर एक वडीलधारं माणूस बसलेलं होतं आणि विषय लग्नाचा निघाला होता. महिपतचे हात आपोआप जोडले गेले. त्याने सांगायला सुरुवात केली की तो कोपरचा, केण्यांचा, घर स्वतःचं, रेती-विटांचा धंदा आहे, व्यसन नाही. मुलगी नौपाड्यात क्लिनिकमध्ये असते, खूप मेहनती आहे, तिचा हात फार चांगला आहे, आईचा खांदा तिनेच सोडवला. घरात तिला काही कमी पडणार नाही, काम सोडायला कुणी सांगणार नाही. त्याची फार इच्छा आहे. तुम्ही आता…

आजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

‘बाळ, मी तिची कुणी लागत नाही. ती तिकडे बसलीय. आणि मघापासून सगळं ऐकतेय.’

महिपतने वळून पाहिलं. कल्पिता हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. सगळं हॉटेल वळून बघत होतं. त्याला त्या क्षणी उमगलं की जे करायचं नाही असं तलावपाळीवर कबूल केलं होतं, तेच त्याने केलं. तिला सोडून मोठ्यांना विचारलं. मोठी माणसं जवळ नव्हती, तर शेजारच्या टेबलावरून शोधून काढली.

तो प्लेट घेऊन परत आला. बसला नाही. वाढपी उभा राहतो तसा तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला.

‘चुकलं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘आता तुला विचारतो. कल्पिता, माझ्याशी लग्न करशील का? नको असेल तर नको म्हण. मला चालेल.’ तो थांबला. ‘म्हणजे चालणार नाही. पण तू म्हणालीस तर ते तसंच.’

कल्पिताने त्याच्या हातातली प्लेट घेऊन टेबलावर ठेवली. पुढे तिने मला सांगितलं की तोवर तिला वाटायचं, कुणी विचारलं की आपण पटकन उत्तर देऊ. पण प्रश्न समोर आला आणि तो इतका तिचा एकटीचा होता की तो लगेच परत द्यावासा वाटेना.

‘बस आधी,’ ती म्हणाली. ‘मला दोन दिवस हवेत. उत्तर मी देईन, रविवारी. तोवर अंगठी तुझ्याकडे ठेव. आणि घरी काही सांगायचं नाही. हो म्हणाली असंही नाही, नाही म्हणाली असंही नाही, काहीच नाही.’

‘आईला पण?’

‘आईला पण.’

महिपत हो म्हणाला. मग त्याने चॉकलेटच्या घुमटाचे दोन भाग केले आणि शेजारी वळून पाहिलं. आजींची खीर आली होती. तेव्हा कुठे तो जेवू लागला.

केण्यांच्या घरात गुपित ठेवायला जागा नाही. महिपतने केस कापले तरी त्यावर तीन माणसं बोलतात. त्या रात्री तो अंगठी खिशात घेऊन आला, चपला काढल्या आणि पाणी प्यायला. आवडाबाईंनी काय झालं रं, असं विचारलं. तो काही नाही म्हणाला. त्यांनी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिसा फुगलेला होता. पेढ्यांचा पुडा त्यांनी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर, डोळ्यांआड सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोरीने नाही म्हटल्याचं घरात पक्कं झालं होतं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण दुपारी दोन्ही आत्या आल्या. कुणी कल्पिताचं नाव काढलं नाही. सगळ्यांनी मिळून महिपतला जेवायला घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तो ओट्यावर मधोमध बसला होता आणि बाकीचे वाढत होते. कोलंबीचं कालवण, वडे, पुन्हा वडे. तो हात आडवा धरत होता आणि आत्या तो बाजूला सारत होत्या. आम्ही गॅलरीतून बघत होतो.

‘पोरी काय कमी हायेत?’ धाकट्या आत्याने शेवटी सुरुवात केली. मानपाड्याची एक होती, दिव्याची एक होती, एक तर बँकेत होती. महिपत मान खाली घालून जेवत राहिला. एक शब्द बोलला असता तर हे सगळं थांबलं असतं. तो बोलला नाही. आणि तो बोलत नाही म्हणून सगळ्यांना वाटलं, फारच मनाला लावून घेतलंय.

आवडाबाईंचा राग वेगळ्या वाटेने गेला. त्यांनी भिंतीवर बोटं चढवणं बंद केलं. ज्या पोरीने आपल्या पोराला नाकारलं, तिचा व्यायाम आपण करायचा नाही. शनिवारी रात्री खांदा ठणकायला लागला, तेव्हाही त्यांनी पट्टी बांधून घेतली पण बोटं चढवली नाहीत. महिपत तेलाची वाटी घेऊन शेजारी बसला होता. ‘आई, तू करत जा ना ते,’ एवढंच म्हणाला. आवडाबाई म्हणाल्या की तू तिची बाजू घेऊ नको. त्याने घेतली नाही. खांदा चोळत बसला.

रविवारी सकाळी ओट्यापुढे रिक्षा थांबली आणि कल्पिता उतरली. आवडाबाई दारातच उभ्या होत्या, खांद्याला पट्टी.

‘आता कशाला आली?’ त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण ये असंही म्हणाल्या नाहीत.

‘महिपतकडे काम होतं,’ कल्पिता म्हणाली. तिची नजर पट्टीवर गेली. ‘व्यायाम बंद केलात?’

‘तुला काय त्याचं?’

महिपत आतून आला. हातात केरसुणी होती, ती त्याने खाली ठेवली नाही. कल्पिताने त्याला अंगणात, विटांच्या टेम्पोपलीकडे नेलं. दोन मिनिटंही झाली नसतील. आम्हाला वरून फक्त एवढं दिसलं की ती काहीतरी बोलली, छोटंसं, आणि महिपत मटकन विटांवर बसला. मग तो उठला आणि अंगठी शोधू लागला. ती आदल्या दिवशीच्या शर्टात होती आणि शर्ट दोरीवर वाळत होता.

ओल्या शर्टाच्या खिशातून अंगठी काढून त्याने तिच्या बोटात घातली, तेव्हा दोन्ही आत्या आणि आवडाबाई ओट्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या.

‘हो बोलली,’ महिपत म्हणाला.

आवडाबाईंना हिशोब लागेना. ‘मंग परवा काय बोलली व्हती?’

‘परवा काहीच नव्हती बोलली. वेळ मागितलेला तिनं.’

‘आन तू दोन दिवस आमच्या हातचं जेवलास, पोरींची नावं ऐकलीस, माझा खांदा चोळलास… आन गप रायलास?’

‘तिनं सांगितलेलं, कोणाला बोलू नको.’

आवडाबाई आपल्या मुलाकडे बघत राहिल्या. हा मुलगा त्यांनी वाढवला होता, त्याच्या पोटात घोटभर पाणी गेलं तरी त्यांना कळत होतं, अशी त्यांची समजूत होती. आत्या पुढे सरसावल्या होत्या, एकीने फोन हातात घेतला होता, गल्लीत कुणाला आधी ओरडून सांगायचं ते दुसरी शोधत होती. आवडाबाईंनी बऱ्या हाताने दोघींना मागे सारलं. मग त्या ओट्याच्या पायरीपर्यंत उतरल्या आणि कल्पितासमोर उभ्या राहिल्या.

‘काय गो,’ त्यांनी विचारलं, ‘सांगू का आता सगल्यांना?’

महिपतने केरसुणी भिंतीला टेकवली. आत्या थांबल्या होत्या, वर गॅलऱ्यांत आम्ही थांबलो होतो.

‘सांगा,’ कल्पिता म्हणाली.